पानी आणि पाणी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि पाचवीतला मराठीचा एक तास डोळ्यांसमोर उभा राहिला. प्रकट वाचनात मी 'पाणी' हा शब्द घरच्यासारखा 'पानी' असा उच्चारला, सारा वर्ग हसला आणि मी परिच्छेद अर्धवट सोडून खाली बसलो. उरलेला धडा शेजारच्या मुलाने वाचून पुरा केला. त्यानंतर कित्येक दिवस जिभेचे टोक मागे टाळूकडे वळवून मी एकटाच 'कोण', 'पण', 'आणि' घोकत असे.

'ण' जमला, पण घरी सहज 'पाणी दे' म्हणालो, तेव्हा आई थबकली आणि म्हणाली, "आता आमच्यावानी बोलायचं न्हाई व्हय?" वर्गात 'न'ने मला गावंढळ ठरवले होते, घरात 'ण'ने परके केले.

पुढे भाषाविज्ञान शिकताना कळले, की संस्कृतातल्या 'पानीय' या शब्दातला 'न' प्राकृतात 'ण' झाला आणि तिथून मराठीत 'पाणी' आले, तर हिंदीत 'पानी' हेच प्रमाण आहे. म्हणजे मराठीच्या तासाला हसू झालेला माझा उच्चार त्याच बाकावर हिंदीच्या तासाला बिनचूक ठरत होता! दोष ध्वनीत नव्हताच. ज्यांच्या घरी 'ण' आपोआप मिळतो ती घरे बहुधा कोणत्या जातींची आणि कोणत्या वर्गाची असतात, हे आपण सारे जाणतो. प्रतिष्ठा त्या घरांची होती, ती अक्षराला चिकटली.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबाव यांनी 1962 साली न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत विक्रेत्यांना मुद्दाम असा प्रश्न विचारला, की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' हेच यावे. त्यातला 'र' सर्वांत महागड्या दुकानात सर्वाधिक वेळा ऐकू आला आणि सर्वांत स्वस्त दुकानात सर्वांत कमी. इंग्लंडमध्ये मात्र अशा ठिकाणचा 'र' गाळणे हीच उच्चभ्रूंची खूण मानली गेली.

हसणारी मुले वाईट नव्हती. मोठ्यांचे ऐकूनच ती हसायला शिकली होती. प्रमाण मराठी शाळेने जरूर शिकवावी, कारण परीक्षेत आणि कचेरीत तिचा आधार लागतो. मी स्वतः तिच्यावरच उभा आहे. शाळेकडे माझे मागणे एवढेच, की कोणी 'पानी' वाचले तरी त्या मुलाला आपला परिच्छेद शेवटपर्यंत वाचू द्यावा आणि उच्चाराची गोष्ट त्यानंतर, त्याला जवळ बसवून, सांगावी.