अठराचा फरक

"मॅडम, तुम्ही मागितलंय एकशे अठ्ठावन्न, आणि हे देतायत एकशे शहात्तर. वरचे अठरा कुठनं आले?"

पर्चेस सेक्शनमधल्या या एका प्रश्नानं माझे सात आठवडे खाल्ले. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलचा दाखला, गाईडची सही, बजेट हेड, सगळं चार दिवसांत उरकलं होतं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मला हवं होतं सीडी१६ए नावाचं प्रथिन. रोगप्रतिकार करणाऱ्या नॅचरल किलर पेशींवरचा हा रिसेप्टर. अँटिबॉडी कॅन्सरच्या पेशीला जाऊन चिकटली की तिची मागची बाजू हा धरतो, आणि तिथून मारामारी सुरू होते. याच्या अमिनो आम्लांच्या साखळीत १५८व्या जागी काही माणसांत व्हॅलिन असतं, काहींत फिनाइलअलॅनिन. व्हॅलिनवाला आयजीजी१ या प्रकारच्या अँटिबॉडीला जास्त घट्ट धरतो. फ्रान्समध्ये २००२ साली रिटक्सिमॅब हे अँटिबॉडीचं औषध दिलेल्या लिम्फोमाच्या (एक प्रकारचा कॅन्सर) रुग्णांत हा फरक दिसला होता: दोन्ही प्रती व्हॅलिनच्या असलेल्यांना औषध जास्त लागू पडलं. पेपरांमध्ये 'व्ही१५८' (व्ही म्हणजे व्हॅलिन) असंच लिहितात. मीही इंडेंटवर, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रावर, तेच लिहिलं.

तीन कोटेशनं आली. एकात १५८, दोघांत १७६. तुलनात्मक तक्त्यात तीन ओळी, आणि खाली लाल शाईत शेरा: 'वस्तू समान नाहीत, तुलना करता येत नाही.' फाइल परत.

खरं तर वस्तू एकच. पेशीत प्रथिन तयार होतं तेव्हा त्याच्या पुढच्या टोकाला सिग्नल पेप्टाइड असतं, ते नंतर कापलं जातं. जुनी मोजणी कापल्यानंतरची, नवी अगदी पहिल्या अमिनो आम्लापासूनची, म्हणजे मेथिओनिनपासूनची. १७६ वजा १८, झाले १५८. अर्धा तास बसून कागदावर आकृती काढली, पर्चेसच्या भाऊसाहेबांना समजावलं. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि कॅटलॉगच्या पानावर बोट ठेवलं. 'ग्लायसिन १७ ते ग्लुटामिन २०८.'

"म्हणजे कापले सोळाच. मग एकशे साठ यायला पाहिजे ना?"

माझी बोलती बंद. माणूस बरोबर होता! जुन्या मोजणीत सिग्नल १८चा धरलाय, आताच्या डेटाबेसमध्ये १६चा. जागेचा जुना आकडा मात्र कुणी बदलला नाही. पाच वर्षं पीएचडी करून हे मला एका कॉमर्स पदवीधरानं दाखवलं. राग त्यांचा आला की स्वतःचा, अजून ठरलेलं नाही.

पुढचे तीन आठवडे फाइल 'समितीपुढे' होती. समिती म्हणजे दोघं, त्यातले एक रजेवर. मी रोज साडेअकराला खिडकीशी. "आज नाही मॅडम." शेवटी सुटका केली ती जनुकातल्या त्या बदलाच्या नोंदणी क्रमांकानं: आरएस ३९६९९१. मोजणी कुठूनही करा, हा आकडा हलत नाही. तिन्ही पुरवठादारांकडून एकेका ओळीचं पत्र घेतलं की आमचा माल याच जागेचा, व्हॅलिनवाला आहे. दुसऱ्या दिवशी ऑर्डर निघाली. तेव्हा इंडेंटवर दोन्ही आकडे आणि हा क्रमांक पहिल्याच दिवशी लिहा.

आणखी एक, हे खरं आधी सांगायला हवं होतं: 'कॅरियर-फ्री' असं स्पष्ट मागा. नाहीतर कुपीत टिकाऊपणासाठी बीएसए घातलेलं येतं, आणि पकड मोजायच्या चिपवर तुमच्या रिसेप्टरऐवजी गाईचं अल्ब्युमिन बसतं. शिवाय प्रथिन कोणत्या पेशीत बनवलंय ते बघा. याच्यावर पाच ठिकाणी साखरेच्या साखळ्या असतात आणि पकड त्यांवरही अवलंबून असते. मी एचईके२९३ या मानवी पेशींमधलं घेतलं. ई. कोलाय या जिवाणूमधलं स्वस्त दिसलं तरी त्यावर साखर नसते.

कुपी आली तेव्हा रिकामीच वाटली. घाबरू नका, १०० मायक्रोग्रॅमची सुकवलेली पावडर डोळ्यांना दिसतच नाही. उघडण्याआधी अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर झाकणाला चिकटलेला माल झाकणाबरोबर जातो. पीबीएस या खारट द्रावणात विरघळवून लगेच छोटे भाग करून उणे ८०मध्ये ठेवले. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर हिशेबाच्या जवळपास दुप्पट वजनावर पसरट पट्टा आला. ती साखर. लॅबमधल्या ज्युनिअरनं "ताई, चुकीचं प्रथिन आलं" म्हणून फोन केला होता. त्या दोन मिनिटांत मला ती खिडकी पुन्हा दिसली.

आता तुलनेसाठी फिनाइलअलॅनिनवाला हवाय. या वेळी शहाणपणा केला: दोन्ही आकडे, आरएस क्रमांक, पत्रं, सगळं जोडून इंडेंट दिलं. काल फाइल परत आली. क्रमांक जागेचा असतो, त्यामुळे दोघांचा एकच. शेरा असा: 'सदर क्रमांकाची वस्तू याच वर्षी खरेदी झालेली आहे. पुन्हा कशासाठी?'