सातवा प्रयत्न: साखरेखाली पचौली

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की गुरमाँ, म्हणजे गोड खाऊसारख्या वासाचे परफ्यूम मला दहा मिनिटांत नकोसे होतात. ते मत आज निम्मं तरी मागे घेते.

सहा आठवडे एथिल माल्टॉल हुंगतेय. पांढरी भुकटी, वास थेट जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा, मागून पाकाचा. साखर करपताना किंवा माल्ट भाजताना माल्टॉल आपोआप तयार होतं. एथिल माल्टॉल मात्र प्रयोगशाळेतलं आणि कित्येक पट तीव्र. म्हणून आता 1 टक्क्याचंच द्रावण वापरते.

असा परफ्यूम स्वतः बनवण्याचे पहिले सहा प्रयत्न सारखेच फसले. एथिल माल्टॉल, व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन, नारळाच्या वासासाठी थोडं गॅमा नोनालॅक्टोन. ब्लॉटरवर (वास घ्यायच्या कागदी पट्टीवर) छान, मनगटावर अर्ध्या तासात नुसतं गुळमट. खाली तळच नव्हता.

मग डिकँट (छोट्या बाटलीत काढून घेतलेला नमुना) काढून म्युग्लर या ब्रँडचं 'एंजल' परफ्यूम पुन्हा नीट हुंगलं. 1992 साली परफ्यूमर ऑलिव्हिए क्रेस्प यांनी साखरेच्या या वासासमोर पचौली या वनस्पतीचं तेल उभं केलं, तेही सढळ हाताने. ओलसर माती, जुनं लाकूड, किंचित कापूर. (वेणीत मरव्याबरोबर माळतात ती आपली पाच याच कुळातली. मला तो वास लहानपणापासून प्रिय, तरी हे नातं उशिरा लक्षात आलं.) गेर्लँ या फ्रेंच कंपनीच्या 1889 च्या 'जिकी' परफ्यूममध्येही व्हॅनिलिन एकटं नाही, लव्हेंडरच्या कडेला आहे. म्हणजे युक्ती शंभर वर्षं जुनीच.

सातवा प्रयत्न: एथिल माल्टॉलच्या 1 टक्का द्रावणाचे 12 थेंब, व्हॅनिलिनच्या 10 टक्के द्रावणाचे 6, पचौलीच्या 10 टक्के द्रावणाचे 14. पचौलीचा कडवटपणा साखरेला मागे ढकलतो आणि नाक तिला शोधत राहतं. चार तासांनी बाहीला गुळाच्या ढेपेभोवतीच्या गोणपाटाचा वास येत होता. मी कितीदा तरी बाही नाकाशी नेली!

खरं तर गोडी जिभेला कळते, नाकाला नाही. वेलची, जायफळ आपल्याला 'गोड' वाटतात ते श्रीखंडात, पुरणात भेटल्यामुळे. म्हणून आठव्यात व्हॅनिलिन कमी करून जायफळाच्या तेलाचा एकच थेंब घालणार आहे.

सातवी बाटली कपाटात मुरतेय. व्हॅनिलिनमुळे पिवळी पडेल, पडू दे. महिन्याने उघडेन.