आमची वाटचाल: सोळा लाइनी

बडोद्याच्या दांडिया बाजारात तिसऱ्या मजल्यावर दोन रॅक मांडून लॅब काढली; पोरांनी वेळ बुक करायचा आणि घरबसल्या आमच्या राउटर-स्विचवर सराव करायचा. तेव्हा कन्सोलसाठी, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या नेटवर्कवर न विसंबणाऱ्या थेट पोर्टला जोडायला, जुना सिस्को २५११ राउटर आणला. आठ-आठ शेपट्यांच्या दोन ऑक्टल केबल, सोळा असिंक (सिरियल) लाइनी, पोर्ट २००१ ते २०१६ वर रिव्हर्स टेलनेट: पोर्टचा नंबर टाकला की त्या लाइनीवरच्या यंत्राचा कन्सोल उघडतो. पोरानं घरी बसून राउटरचे सगळे इंटरफेस बंद केले तरी कन्सोल जागेवर. घरघरायचा, पण कधी रुसला नाही.

भागीदार म्हणाला, "हे भंगार काढू. जुना पीसी, यूएसबी हब, सोळा यूएसबी-सिरियल केबल, झालं." मी हो म्हटलं. माझीच चूक.

३१ जुलै २०१९. बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस, विश्वामित्रीच्या मगरी वस्तीत. आम्ही वर कोरडे, पण वीज गेली. परत आली तेव्हा पीसीनं सिरियल पोर्टांचे नंबर उलटेपालटे केलेले. पहिला राउटर उघडावा तर चौथा स्विच समोर. स्वस्तातल्या त्या केबलच्या चिपला स्वतःचा सिरियल नंबरच नाही, मग त्यावर यूडेव्हचा, म्हणजे लिनक्समध्ये पोर्टाला कायमचं नाव देणारा, नियम कसा लिहायचा? शिवाय दोन राउटर पूर्ण सुरू न होता रॉममॉन या दुरुस्तीच्या मोडमध्ये अडकलेले. बूट होताना पहिल्या मिनिटात कन्सोलवर ब्रेक हा सिग्नल गेला की हेच होतं.

बुकिंग गळाली. भागीदारही गेला, विद्यार्थ्यांची यादी घेऊन. अलकापुरीत त्याची लॅब उभी राहिली, जाहिरातीत "कधीच बंद न पडणारी". पीसीची कल्पना कुणाची, ते जाहिरातीत नव्हतं.

नाशिकचा एक मुलगा तेवढा टिकला. शनिवारी रात्री अकरा ते पाच त्याचं बुकिंग. "काका, मी शोधतो," म्हणाला. पोरं जाताना कॉन्फिग पुसून जातात, त्यामुळे प्रत्येक प्रॉम्प्टवर नुसतं 'राउटर' नाहीतर 'स्विच', कुठलं यंत्र ते कळेना. त्यानं एकेका पोर्टवर 'शो व्हर्जन' ही कमांड मारून यंत्रांचे सिरियल नंबर वाचले, मी टॉर्च घेऊन रॅकमागे चिकटपट्ट्या लावल्या. त्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत. त्यानं तरी पाठवले.

ओपनगियर कंपनीच्या तयार कन्सोल सर्व्हरचा भाव काढला आणि चहा गार झाला. शेवटी माळ्यावरचा २५११ उतरवला. टेलनेटमध्ये सगळं उघडं जातं, ते इंटरनेटवर नको, म्हणून पुढे एसएसएचचा (सांकेतिक जोडणीचा) छोटा पीसी. तुम्ही कन्सोल सर्व्हर घेणार असाल तर पोर्ट मोजण्याआधी विचारा, वीज गेली-आली की ब्रेक जातो का, आणि रोलओव्हर (तारा उलट्या क्रमानं जोडलेली) केबल लागते की सरळ. दुकानदार गडबडला तर उठा.

मागच्या महिन्यात अलकापुरीहून फोन आला, जादा ऑक्टल केबल आहे का म्हणून. दोन आहेत. नाही म्हणून सांगितलं.