शिमग्याचा टोल

१३ मार्च २०२५, गुरुवार, होळी पौर्णिमा. शिवडीहून अटल सेतूवर गाडी चढवली तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. मागच्या सीटवर आई आणि काका, डिकीत ओटीचे नारळ, नवीन साडी, गुळाची ढेप. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावात होळी भद्रेची, म्हणजे शुक्रवारी सकाळी लागणार आणि त्याआधी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागी, पोहोचायचंच होतं.

वाशीच्या पुलावरून गेलो असतो तर छोट्या गाडीला टोल नव्हता. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना तो माफ झाला. तिथे आधी ४५ रुपये द्यावे लागत. पण सणाच्या आदल्या दिवशी वाशीपासून पळस्पे फाट्यापर्यंत जो वेळ जातो तो आईच्या गुडघ्यांना सोसत नाही, म्हणून सेतू. २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. १२ जानेवारी २०२४ ला तो सुरू झाल्यापासून आमच्यासारख्यांचं गावाला निघणं खरंच सोपं झालंय. थांबायचं नाही, काच खाली करायची नाही. डोक्यावरच्या कमानीखालून गाडी गेली की थोड्या वेळात मोबाईलवर मेसेज येतो.

मेसेज आला. २५० रुपये.

"आज होळी ना रे? मग आजपण घेतले?" आईनं विचारलं.

ती असं का म्हणाली ते मला कळलं. गणपतीला आम्ही टोलमाफीचा पास लावून जातो, त्यामुळे सण म्हटला की टोल माफ, असं तिच्या मनात बसलंय. ती एकटीच नाही, गावातल्या निम्म्या लोकांची अशीच समजूत आहे.

खरं तर आपल्याकडे सुट्टीचा आणि टोलच्या दराचा काही संबंधच नाही. २६ जानेवारी असो, दिवाळीचा पाडवा असो की साधा मंगळवार, दर तोच. राष्ट्रीय महामार्गांवर दर बदलायचा दिवस म्हणजे १ एप्रिल. २००८ च्या नियमांत त्याचं गणित आहे: दरवर्षी ठरलेले तीन टक्के, आणि त्यावर घाऊक महागाईच्या वाढीचा चाळीस टक्के हिस्सा. पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा, तिथली रीत निराळी. दर तीन वर्षांनी एकदम अठरा टक्के वाढ व्हायची. २०२३ च्या १ एप्रिलला गाडीचे २७० चे ३२० झाले ते असेच. जाऊन-येऊनची सवलतही सणाला कामाची नाही. राष्ट्रीय महामार्गावर चोवीस तासांत परतलात तर येण्या-जाण्याचे मिळून दीडपट पडतात, पण शिमग्याला गेलेला माणूस चोवीस तासांत परततो कुठे?

गणपतीची गोष्ट वेगळी. दरवर्षी सरकार टोलमाफीचा आदेश काढतं, त्यात तारखा असतात. २०२४ ला ५ ते १९ सप्टेंबर, २०२५ ला २३ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर. आरटीओत, वाहतूक पोलिसांकडे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात गाडीचा नंबर देऊन पास घ्यायचा आणि काचेवर लावायचा. परतीलाही तोच चालतो. मुंबई-गोव्याबरोबर मुंबई-बंगळूर महामार्गही त्यात असतो, कारण तळकोकणातले कितीतरी लोक कोल्हापूरला जाऊन घाट उतरतात.

एक मात्र सांगून ठेवतो. पास काचेवर असला तरी फास्टॅग आपलं काम करतोच. २०२४ च्या गणपतीत एका नाक्यावर आमच्या टॅगमधून पैसे कापले गेले, पास समोर दिसत असताना. काकांनी पासाचा आणि मेसेजचा फोटो काढून ठेवला होता म्हणून तक्रार करता आली आणि पैसे परत आले. तेव्हापासून मी पास केबिनमधल्या माणसाला आधी दाखवतो, मगच गाडी पुढे घेतो.

पेण, वडखळ, माणगाव. रस्त्याबद्दल लिहीत नाही, जो या वाटेनं जातो त्याला ठाऊक आहे.

महाडच्या पुढे सावित्री आली तशी आईनं काच खाली केली, कनवटीचं नाणं कपाळाला लावून नदीत टाकलं. एसटीनं जायचो तेव्हाही टाकायची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला जुना दगडी पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसट्या. एक जयगड-मुंबई, एक राजापूर-बोरिवली. आमच्या भागातली माणसं ज्या गाड्यांनी मुंबईला येतात, त्याच. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. या पुलावरून जाताना गाडीत कोणी बोलत नाही. टोल घ्या, हवा तर जास्त घ्या, पण पूल धड ठेवा, असं मला इथं दरवेळी वाटतं.

खेडहून दापोली, दापोलीहून दाभोळ. तिथं फेरीबोटीत गाडी चढवली. वाशिष्ठीची खाडी ओलांडायला इथं पूल नाही. हातात कागदी तिकीट घ्यायचं आणि धोपाव्याला उतरायचं. खारा वारा, बोटीत निम्मे चाकरमानी. सगळ्यांच्या तोंडी एकच, तुमची पालखी कधी, आमची कधी.

शुक्रवारी होम पेटला, फाका म्हणजे होळीच्या आरोळ्या झाल्या. दुपारी पालखी आमच्या अंगणात नाचली. सिएटलला राहणारी माझी चुलतबहीण या वेळी आली होती. टोलचा विषय निघाला तशी ती म्हणाली, तिच्याकडे तलावावर एक तरंगता पूल आहे, एसआर ५२० चा. तिथे तासातासाला दर बदलतो, पण नाताळ, नववर्ष, चार जुलै अशा सहा सुट्ट्यांना आठवड्याचा कुठलाही वार असो, शनिवार-रविवारचाच कमी दर लागतो. यादी आधीपासून छापलेली असते, पास नको की अर्ज नको.

काका लगेच म्हणाले, "मग शिमग्याला काय हरकत आहे?"

हरकत नाही, पण अडचण आहे, आणि ती आम्हीच नीट मांडायला हवी. गणपती सगळ्यांकडे एकाच दिवशी बसतात. शिमगा तसा नाही. कुणाचा तेरसा, म्हणजे त्रयोदशीचा, कुणाचा भद्रेचा, आणि पालखी गावागावातून फिरते ती काही ठिकाणी गुढीपाडव्यापर्यंत. दोन दिवसांची माफी दिली तर अर्ध्या गावांना उपयोग नाही. द्यायची तर फाक पंचमीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, गुढीपाडव्यापर्यंत द्यावी लागेल. गणपतीला घरी जाणारा चाकरमानी शिमग्यालाही तितक्याच ओढीनं जातो. पालखी खांद्यावर घ्यायला माणूस लागतो, तो मुंबईहूनच येतो.

रात्री नमन, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, सुरू व्हायच्या आधी काकांनी सहाणेच्या कट्ट्यावर बसून सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांच्या नावे अर्ज लिहिला. तालुक्यातल्या शिमग्याच्या तारखा मी त्यांना सांगत गेलो. सह्या खेळ्यांपासून, म्हणजे नमनातल्या कलाकारांपासून, सुरू झाल्या. संकासुराचं काम करणाऱ्या मुलानं मुखवटा बाजूला ठेवून सही केली.

त्यानंतर १५ ऑगस्टला वार्षिक फास्टॅग पास सुरू झाला, ३,००० रुपयांत २०० फेऱ्या. मी घेतला. पण तो राष्ट्रीय महामार्गांचा आहे, अटल सेतूवर किंवा पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही. अर्जाची पोच काकांकडे आहे. गणपतीला गावी गेलो तेव्हा आणखी तीन वाड्यांच्या सह्यांचे कागद त्यांनी माझ्या हातात दिले.