आठवा फर्मा

नवतपा लागला की आमच्या घरात पुस्तकांना घाम येतो. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा अंगाला बरी वाटते, पण तिच्यातल्या ओलाव्यानं मुखपृष्ठं सकाळपर्यंत पापडासारखी वळतात. कूलर बंद केला तर पुस्तक सरळ राहतं आणि परीक्षक वळतो.

यंदा मे महिन्यात परीक्षणाला चार पुस्तकं आली. चौथं पाकीट देताना पोस्टमन म्हणाला, "सर, पुस्तकंच पुस्तकं येऊन राहिली, दुकान टाकता काय?" त्यातला कवितासंग्रह 64 पानांचा होता, त्याचं झटकन उरकलं. अनुवादित चरित्राचं अजून उरकायचंय.

कथासंग्रहाचं प्रकाशन वर्ध्याला होतं आणि मला त्यावर बोलायचं होतं. नागपूर ते वर्धा म्हणजे गाडीनं सव्वा-दीड तास. तेवढ्यात राहिलेल्या तीन कथा होतील असा हिशेब. बुटीबोरी गेल्यावर पहिली काढली, सिंदीला दुसरी. सेवाग्राम आलेलं अर्धवट ऐकू आलं. पुढे तीनच किलोमीटरवर वर्धा, म्हणून पाच मिनिटं डोळे मिटले. उघडले तेव्हा समोरच्या पोरानं सांगितलं, "पुलगाव आहे हे काका. वर्धा तर मागंच रायलं न." एसटीनं उलटा आलो तोवर आभारप्रदर्शन चाललं होतं. लेखकाला म्हटलं, "तुमच्या कथा वाचताना वर्धा कधी गेलं, कळलंच नाही." त्यांनी मला मिठी मारली. मी शब्दन् शब्द खरा बोललो होतो.

पण महिना खाल्ला तो 432 पानांच्या कादंबरीनं. संपादकांना आठशे शब्द हवे होते. (पूर्वी दीड हजार मागायचे. तेव्हाही मानधन एवढंच होतं.) कादंबरी मला आवडली. मधे नायक आजारी आईला घेऊन नागपूरला यायला निघतो आणि समोरच्याच पानावर तो गावच्या घरात एकटा भिंतीला चुना देताना दिसतो. मधलं एक अक्षर नाही. रात्रीचे दोन वाजले होते, कूलरचा पंप खरखरत होता आणि मी उठून बसलो. असं लिहायला छाती लागते! परीक्षणात लिहिलं, 'आईचा मृत्यू लेखक सांगत नाही. ओल्या चुन्याच्या वासातून तो आपल्याला कळतो.' मेल करून टाकला.

दोन दिवसांनी चष्म्याची दांडी बदलायला गोकुळपेठेत गेलो. पुस्तक स्कूटरच्या डिकीत, स्कूटर उन्हात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला. हल्लीची बहुतेक पुस्तकं शिवत नाहीत, पाठ कापून गरम सरसानं चिकटवतात. गरम होऊन लागतो तो सरस गरम होऊनच सुटतो. घरी येऊन डिकी उघडली तर मुखपृष्ठ हातात आलं आणि पानं पायाशी सांडली.

पंखा बंद करून फरशीवर बसलो आणि नंबर बघून पानं लावू लागलो. 110, 111, 112. पुढे 129. पलंगाखाली पाहिलं, पुन्हा खाली जाऊन डिकी पाहिली. मग लक्षात आलं. सोळा पानांचा एक फर्मा असतो. 113 ते 128 म्हणजे बरोब्बर आठवा. बायंडरकडे तो माझ्या प्रतीत घालायचाच राहिला होता. मी छाती मोजली ती बायंडरची.

संपादकांना फोन लावला. "पान लागलं बाप्पा," ते म्हणाले, "आणि ते चुन्याचं वाक्य तर मथळ्यात घेतलं."

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीच्या एका दुकानात आठवा फर्मा उभ्यानं वाचला. आई सोळाच्या सोळा पानं मरते. डॉक्टर येतात, मामा येतो, पाऊसही येतो. आता माझ्यावर विश्वास कोण ठेवणार, पण बायंडरची कादंबरी जास्त चांगली आहे.

परीक्षण रविवारी आलं. सोमवारी लेखकाचा फोन. आवाज जरा अवघडलेला. आठव्या फर्म्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पुढच्या आठवड्यात ते विदर्भ साहित्य संघात कार्यक्रमाला येणार आहेत. "तुमच्या प्रतीवर सही करायची आहे," म्हणाले, "वाचून वाचून झिजलेल्या."

नवी प्रत विकत आणली, साडेचारशे रुपयांना. घरी येताच आधी 113 वं पान आहे का ते पाहिलं. दोन रात्री ती कूलरसमोर ठेवलीय, मुखपृष्ठ बऱ्यापैकी वळलंय. उद्या सकाळी तर्री-पोहे खाताना जवळ घेऊन बसणार आहे. एखादा डाग पडलाच तर 120 च्या आसपास पडावा.