सडक्या संत्र्यांची तपासणी: माझा अनुभव

क्रेटमधली संत्री सडायला लागली की "बुरशी आली" म्हणून औषध बदलायचं, असाच बहुतेकांचा रिवाज. पण थायाबेंडाझोल आणि इमॅझलिल ही औषधं हिरव्या-निळ्या बुरशीसाठी आहेत; आंबट कुजीवर त्यांचा उपयोग होत नाही. त्यामुळे आधी बुरशीचं नाव हवं, असं ठरवून मी फळं घेऊन प्रयोगशाळेत गेलो.

अडलं ते खिडकीवर. अर्जात नमुन्याचा प्रकार म्हणून पान, खोड, मूळ आणि माती एवढेच पर्याय. काढणी झालेल्या फळाला रकानाच नाही! पीकरोग विभाग म्हणाला, तोडलेलं फळ म्हणजे खाद्यपदार्थ, पलीकडे जा. पलीकडचे म्हणाले, आम्ही खाण्याजोगा माल तपासतो, सडका घेत नाही. मी या खिडकीवरून त्या खिडकीवर, आणि इकडे फळांना पाणी सुटत चाललेलं. संताप याचाच येतो. सडक्या फळाला थांबायला वेळ नसतो. आधीच्या कुजीवर पेनिसिलियम, म्हणजे तीच हिरवी-निळी बुरशी, चढलं की मूळ रोग त्या हिरव्या भुकटीखाली झाकला जातो. शेवटी "इतर" असं हाताने लिहिलं आणि लेखी पोच मागितली, तेव्हा कुठे नमुना आत गेला. पोच मागाच.

बऱ्याच प्रतीक्षेनंतर अहवाल आला: "पेनिसिलियम आढळले." मला पटेना. माझ्या फळांवर सुरुवातीला भुकटी नव्हतीच. साल पाणथळ, बोट लावताच निसटणारी, व्हिनेगरसारखा आंबूस वास आणि भोवती चिलटं. चौकशी केली तर बुरशी वाढवायला वरची भुकटीच घेतलेली. नुकती लागण झालेली फळं पुन्हा दिली आणि आग्रह धरला की साल निर्जंतुक करून, निरोगी आणि सडक्या भागाच्या सीमेवरचा तुकडा घ्या. या वेळी जिओट्रायकम निघालं, म्हणजे आंबट कुजीची बुरशी. ते नाव वाचून खरोखर हायसं वाटलं.

ही बुरशी मातीत असते आणि जखमेतून शिरते. म्हणून खाली पडलेली फळं क्रेटमध्ये घेणं बंद केलं, ओढून तोडण्याऐवजी कात्री आली, धुण्याच्या टाकीतलं पाणी वेळच्या वेळी बदलून त्यात क्लोरीन ठेवलं आणि माल लवकर १० अंशांखाली नेला. निळ्या बुरशीला मात्र थंडीचा भरवसा नको. ती शीतगृहातही वाढते आणि एका फळावरून शेजारच्या फळावर जाते.

नमुना प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, कागदात गुंडाळा. काढणीची तारीख लिहा, आणि कूज देठाकडून सुरू झाली की बाजूने, तेही लिहा. देठाकडून असेल आणि फळं रंगासाठी इथिलीन वायूत ठेवली असतील तर डिप्लोडियाचा, म्हणजे देठाकडून कुजवणाऱ्या बुरशीचा, संशय घ्यावा लागतो. रंग यायला लागणारे इथिलीनचे तास जितके जास्त, तितकी ती कूज वाढते.