मास्तरांचा सहा पॉइंट दोन

"शुगरवाल्यांना स्क्रूचे दात बसत नाहीत म्हणे, खरं का?" कराडच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न सतत कुणी ना कुणी विचारतंच. बसतात. शुगर ताब्यात असेल तर चांगले बसतात आणि टिकतातही; ताब्यात नसेल तर मी बसवत नाही. ती ताब्यात आहे की नाही हे बघायला मी एचबीएवनसीचा रिपोर्ट मागते, म्हणजे लोकांच्या भाषेत 'तीन महिन्यांची शुगर'. सातच्या आत असेल तर पुढे जायचं. सात ते आठच्या मध्ये असेल तर हिरड्या, तंबाखू, किडनी सगळं बघून ठरवायचं. आठच्या वर असेल तर आधी फिजिशियनकडे. ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे, आठच्या पुढेही काम करणारे सर्जन आहेत. मी जरा भित्री आहे, आणि या बाबतीत भित्रं असलेलं बरं असं माझं मत आहे.

मास्तर आले ते असाच रिपोर्ट घेऊन. पाटण तालुक्यातलं गाव, एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी झालेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही गावभर 'मास्तर'च. डायबेटिस जुना. हिरड्यांच्या आजाराने दात हलत हलत एकेक करून गेलेले. या दोन आजारांचं साटंलोटं असतं: शुगर वाढली की हिरड्या सुजतात, सुजलेल्या हिरड्या शुगर खाली येऊ देत नाहीत. आता वर-खाली पूर्ण कवळी होती. वरची टाळूला धरून बसते, तिचं काही नसतं. खालचीला ना टाळू ना आधार, त्यात जीभ तिला सारखी ढकलते, आणि दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षागणिक झिजत जातं. मास्तर बोलायला लागले की खालची कवळी उठायची. ज्या माणसाने जन्मभर "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत गर्दी हलवली, तो आता लग्नकार्यात ओठ मिटून बसायचा.

सगळे दात फिक्स करायचे तर खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा. त्याची गरजही नव्हती. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रुतवायचे ते टायटॅनियमचे स्क्रू, घालायचे आणि त्यांच्या डोक्यांवर कवळी खटकन बसवायची, हा उपाय जुना आणि भरवशाचा आहे. २००२ साली कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ बसले, तेव्हा दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी नुसत्या कवळीऐवजी हीच पहिली निवड असावी असं त्यांनी म्हटलं होतं. पुढचं हाड सहसा घट्ट असतं, आणि जबड्यातली मोठी नस तिथवर येण्याआधीच हनुवटीच्या बाजूने बाहेर पडते.

रिपोर्टवर आकडा होता ६.२. फाइलमध्ये आदल्या वर्षीचा होता ८.९. "गूळ सोडला, चालायला लागलो," मास्तर म्हणाले. हिमोग्लोबिन ११ च्या थोडं वर, रक्त गोठायची वेळ ठीक, सीटी स्कॅनवर हाड पुरेसं. फॉर्मवर मोठे आजार आणि ऑपरेशनच्या रकान्यात डायबेटिस सोडून काही नाही. तारीख दिली.

डायबेटिसच्या पेशंटला मी सकाळची वेळ देते आणि बजावते की नाश्ता करून, गोळी घेऊन या. ऑपरेशन म्हटलं की लोक उपाशी येतात. वर नेहमीची गोळी घेतलेली असते, मग खुर्चीतच शुगर उतरून दरदरून घाम फुटतो. फक्त तेवढी जागा बधिर करायची, त्याला उपास कशाला? मास्तरांनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. पोहे खाऊन, गोळी घेऊन, बायको आणि मुलाला घेऊन वेळेआधी हजर. मुलगा चाकणला कंपनीत, रजा टाकून आलेला.

सुरू करण्याआधी बोटाच्या टोकाला सुई टोचली. मशीनवर ३१२.

मदतनीस मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मास्तरांनी गाडीत केळं सोलून खाल्लं होतं. बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी मशीन फसतं. साबणाने हात धुवायला लावले, दुसरं बोट, नवी पट्टी. २९८.

"टेन्शनने वाढली असेल ओ," मुलगा म्हणाला. टेन्शनने वाढते, हे खरं. पण एचबीएवनसी ६.२ म्हणजे सरासरी शुगर साधारण १३१. अशा माणसाची नाश्त्यानंतर दोन-अडीच तासांनी गोळी घेऊनही ३०० च्या आसपास जात नाही. दोन आकड्यांपैकी एक खोटं बोलत होता. लॅबला फोन केला. नमुना त्यांचाच, मशीन तपासलेलं, आकडा बरोबर.

"आज करायचं नाही," मी सांगितलं.

मुलगा तडकला. रजा, गाडीभाडं, आगाऊ भरलेले पैसे. "रिपोर्ट नॉर्मल आहे, लॅब बरोबर म्हणते, मग तुमची हरकत कशाला? दुसरीकडे करून देतात लगेच." देतात, हेही खरं. आणि त्या दिवशी काहीच बिघडत नाही, यातच खरी मेख आहे. शुगर ३०० असली तरी स्क्रू घट्टच बसतो. तेव्हाची पकड नुसती यांत्रिक असते, हाडात आटे रुतल्याची. पुढच्या काही आठवड्यांत ती थोडी सैल पडते आणि तिची जागा नव्या हाडाने घ्यायची असते. टायटॅनियमला हाड असं जखडतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना सशांच्या हाडांवर काम करताना दिसलं, आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट घातले. ते त्या माणसाला चाळीस वर्षं पुरले. पण शुगर चढलेली असेल तर हाड तयार करणाऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्यांतून पुरवठा नीट होत नाही, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आळसावतात. मग दीड-दोन महिन्यांनी तोच स्क्रू बोटाने फिरतो. आधीच झिजलेल्या जबड्यात वर एक खड्डाही पडतो.

हे सगळं मी मुलाला सांगत होते. मास्तर गप्प. तेवढ्यात दाराशी बसलेल्या मावशी, म्हणजे मास्तरांच्या बायको, म्हणाल्या, "आवो, ते रक्त चढवल्यालं सांगा की बाईंना."

मास्तरांची मान खाली.

दिवाळीनंतर मूळव्याधीतून बरेच दिवस रक्त जात होतं. कुणाला बोलले नाहीत. चक्कर येऊन पडले तेव्हा हिमोग्लोबिन ५.६. दवाखान्यात ठेवून दोन पिशव्या रक्त चढवलं, मग लोहाची इंजेक्शनं. एचबीएवनसी केलं ते त्यानंतर साधारण दीड महिन्याने. "मूळव्याधीचा दाताशी काय संबंध? आणि मॅडमना कुठं सांगायचं असलं," मास्तर भिंतीकडे बघत पुटपुटले. बाई डॉक्टरपुढे पुरुष माणूस मूळव्याध उच्चारत नाही, हे इतक्या वर्षांत मला माहीत झालंय.

आता हिशोब लागला. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. पेशी जगते सुमारे १२० दिवस. एचबीएवनसी मोजतं ते किती हिमोग्लोबिनला साखर चिकटलीय एवढंच. मास्तरांच्या अंगातल्या जुन्या पेशी वाहून गेल्या होत्या. त्यांच्या जागी आल्या रक्तदात्याच्या पेशी, ज्यांनी मास्तरांची साखर फारशी पाहिलीच नव्हती, आणि लोह मिळाल्यावर हाडाच्या मगजात तयार झालेल्या कोवळ्या पेशी. ६.२ हा आकडा मोजणीला बरोबर होता, फक्त तो मास्तरांच्या तीन महिन्यांचा नव्हता.

त्यांना मी त्यांच्याच भाषेत विचारलं. "मास्तर, मुंबईहून गाडी आली. निम्मे प्रवासी साताऱ्याला उतरले आणि उंब्रजला नवे चढले. कराडला मी नुसती तिकिटं बघून म्हणाले, गाडी उंब्रजहून सुटली. चालेल?"

"कसं चालंल? वेबिल बघाय पायजे," ते ताडकन म्हणाले. वेबिल म्हणजे कंडक्टरचा फेरीच्या नोंदींचा कागद. मग थांबून, "म्हंजी माझी शुगर नक्की किती?"

आणखी एक गोष्ट तेव्हाच बाहेर आली. रिपोर्ट चांगला आला म्हणून मास्तरांनी गोळी आपल्या मनाने अर्धी केली होती, आणि गुऱ्हाळाकडे जाणंही पुन्हा सुरू झालं होतं. ३१२ कुठून आले याचं उत्तर तिथेच होतं. मला त्या दिवशी इम्प्लांटपेक्षा याची जास्त धास्ती वाटली.

फिजिशियनना सविस्तर चिठ्ठी दिली. त्यांनी फ्रुक्टोसामीन करायला सांगितलं. ही तपासणी रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते, मागच्या दोन-तीन आठवड्यांची, आणि तिला तांबड्या पेशींशी देणंघेणं नसतं. नमुना मुंबईला गेला, आकडा चढाच आला. गोळी पूर्ववत झाली, रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. इन्सुलिन म्हटल्यावर मास्तर हादरले होते, पण सुई किती बारीक असते ते बघून गप्प बसले. मूळव्याधीचं ऑपरेशनही उरकून घेतलं. घरी मशीन घेतलं आणि मास्तरांनी एका लांबट वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, जेवणाआधी, जेवणानंतर, काय खाल्लं. शेरा म्हणून एक रकाना, त्यात 'बारसे, श्रीखंड' असली कबुली. तेवीस वर्षांच्या तरुण पेशंटांकडूनही अशी वही मला कधी मिळालेली नाही.

विदर्भात काम करणारी माझी एक वर्गमैत्रीण आहे. तिला हा किस्सा सांगितला तर तिला नवल वाटलं नाही. गडचिरोली-चंद्रपूर भागात सिकलसेल बरंच आहे. सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तिथे एचबीएवनसीवर विसंबून चालतच नाही. डायलिसिसवर असलेल्या पेशंटचंही तेच.

पावसाच्या तोंडावर पुन्हा एचबीएवनसी केलं. ७.२, म्हणजे सरासरी १६० च्या घरात, आणि वहीतली सरासरीही तिथेच येत होती. आता दोन्ही आकडे एकमेकांना ओळख देत होते. त्या सकाळी बोटावर १४८. दोन्ही इम्प्लांट व्यवस्थित बसले. टाके, अँटिबायोटिक, क्लोरहेक्झिडीनच्या चुळा, नेहमीचंच. इतरांना मी खालच्या जबड्यात तीन महिने थांबवते, मास्तरांना थोडं जास्त थांबवलं. मग कवळीच्या आत टोपणं बसवली. मास्तरांनी ती खटकन लावली, आरशात न बघता मुलाला फोन लावला आणि इतक्या मोठ्याने बोलले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. मुलाने पुढच्याच आठवड्यात उरलेले पैसे पाठवले, तक्रारीचा विषय काढला नाही.

सहा महिन्यांनी ते सफाईला आले तेव्हा मावशींना खुर्चीत बसवलं. मशेरीने हिरड्या काळ्या, चेहरा पांढुरका. शुगर कधी तपासलीय का विचारलं तर, "मला काय धाड भरलीय?" तरी तपासलं. एचबीएवनसी ६.६. या आकड्यावर कुणीही डायबेटिस म्हणेल. पण हिमोग्लोबिन ८.४ होतं, आणि लोह कमी असलं की हा आकडा उलट्या दिशेने फसवतो. पेशी जास्त दिवस टिकतात, म्हणून उगाच चढा येतो. उपाशीपोटी ९८, जेवणानंतर १३२. फिजिशियननी आधी लोहाच्या गोळ्या दिल्या, शुगरच्या नाही, आणि हिमोग्लोबिन वर आलं की पुन्हा तपासू म्हणाले.

लोहाच्या गोळ्यांनी तोंडाला कसली तरी चव येते म्हणून मावशी फोनवर कुरकुरत होत्या. मशेरीची चव चालते, ती नाही चालत. मागून मास्तरांचा आवाज आला, वहीत त्यांनी मावशींचा रकाना आखलाय आणि आज गोळी घेतल्याची नोंद नाही.